पाटावर कोण बसणार?

पत्र थोडक्यात: पत्रलेखक ४३ वर्षांचे, नोकरीनिमित्त पुण्यात. मूळ घर देवगड तालुक्यात. घरचा गणपती पाच दिवसांचा, कित्येक पिढ्यांपासूनचा. दीड वर्षापूर्वी वडील गेले. गेल्या गणपतीत वर्ष पुरं झालं नव्हतं, म्हणून काकांनीच पूजेला बसून साधेपणाने सगळं पार पाडलं. यंदा काकांनी सांगून टाकलंय, "आता थोरला तू. पाटावर तूच बसायचं." पत्रलेखक कॉलेजपासून देव मानत नाहीत. बायकोला ते ठाऊक आहे, आईला "अंदाज असावा". धाकटा भाऊ आखातात असतो, वर्षातून एकदाच, गणपतीला येतो. दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाबा, मग तू आजीसमोर खोटं खोटं करणार का?" त्या दिवसापासून त्यांना चैन नाही. बसलो तर दांभिक ठरतो, नाही बसलो तर आईचं मन मोडतं आणि घरचा गणपती बंद पडतो, असं ते लिहितात.

तुमच्या पत्रात आईचा उल्लेख चार वेळा आहे आणि चारही वेळा तिचं मन मोडेल की नाही एवढाच प्रश्न आहे. तिला काय हवंय, हे तुम्ही तिला विचारल्याचं कुठेच नाही. पाटावर बसण्याचा विषय निघाला तेव्हा काकांनी तुमचं नाव घेतलं, तुम्ही स्वतःला तपासून पाहिलं, आणि घरात ज्या माणसाची श्रद्धा सगळ्यांत खरी आहे ते माणूस दोघांच्याही हिशेबात आलं नाही. मला वाटतं, तुमच्या कोड्याची किल्ली तिथेच आहे. पण त्याआधी 'खोटं' या शब्दाकडे पाहू, कारण तो तुम्हाला छळतो आहे.

पूजेला बसणं म्हणजे सलग एक तासाचं खोटं बोलणं, असं तुम्ही धरून चालला आहात. पोथी उघडून पाहा. बसणारा माणूस 'मी' म्हणून बोलतो अशा जागा मोजक्याच असतात. पहिली संकल्प. देशकाल उच्चारून, गोत्र आणि नाव सांगून 'करिष्ये' म्हणायचं आणि हातावरून पाणी सोडायचं. हे सरळ सरळ तुमच्या नावाचं वचन आहे. दुसरी प्राणप्रतिष्ठा. मूर्तीच्या हृदयाला हात लावून 'अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु' म्हटलं जातं आणि मग दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात. तिसरी शेवटची प्रार्थना. आणि तुमच्याकडे चौथीही आहे, जी पोथीत नसते: गाऱ्हाणं. घरातला किंवा वाडीतला वडीलधारा माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांसाठी मागणं मागतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात.

या चार जागा सोडल्या तर उरतं काय? आसन, पाय धुवायला पाणी, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, विडा. घरी आलेल्या पाहुण्याचं आपण जे करतो तेच. आणि पूजेबाहेरचं काम तर पूजेच्या दसपट असतं: भिंती सारवणं, रंगवणं, माटवी (मूर्तीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधणं, मूर्ती आणणं, एकवीस मोदक, पाच दिवसांच्या पंगती, भजनाला आलेल्यांना चहा आणि उसळ, विसर्जन, मग भांडी. यातल्या कशालाही विश्वास लागत नाही, हात लागतात.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, आणि ती तुमच्यासारख्या प्रत्येकाला लागू पडावी. सणातल्या कामांची वही करा. एका बाजूला जे बोलायचं असतं ते लिहा, दुसऱ्या बाजूला जे करायचं असतं ते. जे तुमच्या तोंडून खोटं ठरेल ते ज्याची श्रद्धा आहे त्याच्याकडे द्या. उरलेलं सगळं अंगावर घ्या. वसईतला किंवा गोव्यातला एखादा नास्तिक ख्रिस्ती वाचक असेल तर त्यालाही हीच वही चालेल. नाताळच्या मिस्साला आईवडिलांसोबत जाऊन बसावं, कम्युनियनच्या रांगेत मात्र उभं राहू नये, कारण तो श्रद्धेचा स्पष्ट होकार आहे आणि तसं न घेणं चर्चच्याही दृष्टीने योग्यच. पण दोदोल ढवळायला आणि नेवऱ्या भरायला घरातले हात कधीच पुरत नाहीत. रमझानमध्ये रोजा न धरणाऱ्या मुलाने पहाटे उठून सहरीचा तवा चढवला, तर त्यात कुणाचीच फसवणूक नाही.

आता आई.

तुमचे वडील पाटावर बसत तेव्हा आई कुठे असायची, आठवून पाहा. बहुतेक चुलीपाशी. पहाटे उठून पुरणाची डाळ शिजत घालणं, दूर्वा निवडणं, वाती वळणं, फुलवाती तुपात भिजवणं हे सगळं तिने केलं असणार, आणि आरतीच्या वेळी पदराला हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली असणार. आता वडील नाहीत, आणि तिची जागा आणखी एक पाऊल मागे गेली आहे. विधवेने पूजेला बसू नये, शुभकार्यात पुढे येऊ नये, हे घरात कुणी मोठ्याने म्हणतही नाही. ते आपोआप घडतं. तुम्ही विज्ञानवादी आहात, तर तुमच्या विचारांना घरात सगळ्यांत आधी काम आहे ते इथे. देव आहे की नाही हा वाद सोडून द्या. ज्या बाईचा देवावर विश्वास आहे, तिला तिच्या घरच्या देवापासून कोण लांब ठेवतं आहे, ते पाहा.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. गावांत हे बोललं जाऊ लागलं आहे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्याचं शिक्षण दिलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. तिथे मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत संस्कार होतात. तेव्हा 'बाईने कसं काय' या प्रश्नाचं उत्तर काकांना तुम्हाला नव्याने शोधून द्यावं लागणार नाही.

पण हे आईवर लादू नका. विचारायचं कसं, ते महत्त्वाचं आहे. फोनवर नको, भावाबहिणींसमोर नको, काकांसमोर तर नकोच. गावी जा, दोन दिवस राहा, दुपारी ती निवांत बसली की विचारा, "आई, या वर्षी पाटावर तू बसशील का?" पहिलं उत्तर 'माका खंय जमतला!' असंच येणार. ते उत्तर धरून बसू नका आणि लगेच पटवायलाही जाऊ नका. दुसऱ्या दिवशी नुसतं एवढं सांगा की पोथी मी वाचेन, मंत्र लावायची सोय मी करेन, तू फक्त हात चालव. ती अडते ती पुष्कळदा 'मंत्र येत नाहीत' आणि 'लोक काय म्हणतील' या दोन गोष्टींवर. पहिलीवर उपाय सोपा आहे. मोठ्या टायपातली पूजेची पोथी देवगडला किंवा कणकवलीला मिळते, आणि चतुर्थीला एकच भटजी पहाटेपासून वाडीवाडी करत फिरत असल्यामुळे कित्येक घरांत रेकॉर्ड लावूनच पूजा होते. फक्त आदल्या दिवशी एकदा ते ऐकत सगळं साहित्य हाताशी लावून बघा, कारण रेकॉर्ड थांबत नाही आणि नेमकी जानव्याची जोडी शोधताना तारांबळ उडते. दुसऱ्या गोष्टीवर उपाय तुम्ही आहात. काकांशी बोलणं तुम्ही करायचं, तिने नाही, आणि तिचा होकार आल्यावरच करायचं.

तिने दोनदा विचारूनही नको म्हटलं, तर तिथे थांबा. तिचा तोही हक्क आहे. मग भाऊ येतोच आहे, त्याला विचारा. थोरलाच बसला पाहिजे हा रिवाज आहे, कुठल्याही पोथीतली अट नव्हे. तुमच्या बायकोची श्रद्धा असेल तर तीही बसू शकते. बहीण असेल तर माहेरवाशिणीचा विचार का करू नये?

आणि या सगळ्या वाटा बंद झाल्या, आई म्हणाली की नाही रे बाबा, तूच बस, तर बसावं का? माझं मत: बसावं. एका अटीवर. तुम्ही देव मानत नाही हे आईला आधी स्पष्ट सांगितलेलं असलं पाहिजे. खोटं ठरायला कुणीतरी फसावं लागतं. जिला फसवल्याची तुम्हाला भीती आहे तिलाच सत्य ठाऊक असेल आणि तरीही तिला तुमचे हात हवे असतील, तर तुम्ही तिच्या वतीने पूजा करता आहात. भटजीही यजमानाच्या वतीने मंत्र म्हणतो, ते सगळ्यांना चालतं. संकल्पाचं पाणी तिला सोडू द्या, 'करिष्ये' तिला म्हणू द्या, शेजारी पाट मांडून. पुढचं तुम्ही करा. गाऱ्हाणं काकांना घालू द्या. ते तसंही ज्येष्ठ आहेत आणि त्यांचा मान राखला जाईल. त्या वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं की गप्प उभं राहायचं, हे तुमच्या मनावर. माझ्या मते म्हणायला हरकत नाही. मुंबईला गेलेल्यांना सुखी ठेव, आजाऱ्याला बरं कर, भांडणं मिटव, ही मागणी पुरी करणारा कुणी नसला तरी इच्छा तुमचीही तीच आहे.

'मी मानत नाही' हे आईला कसं सांगायचं? थोडक्यात. गेल्या वीस वर्षांतले युक्तिवाद तिच्यासमोर मांडू नका. "आई, माझा देवावर विश्वास नाही. तुझा आहे हे मला माहीत आहे. घरचा गणपती व्हावा असं मलाही वाटतं. त्यासाठी पडेल ते काम मी करीन." एवढी चार वाक्यं पुरेत. त्यानंतर ती जे बोलेल ते ऐका. बहुतेक तिला हे ठाऊकच असेल, आणि तिची खरी धास्ती तुमच्या श्रद्धेविषयी नसेलच; आपल्या पाठी हे घर उघडलं जाईल का, गणपतीला तरी मुलं येतील का, ही असेल. ही गोष्ट चतुर्थीच्या आठवड्यात मात्र काढू नका. लोकांनी भरलेल्या घरात, जागरणाने सगळे थकलेले असताना असं वाक्य वादच पेटवतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंब-गटावर तर मुळीच नको.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो, कारण देव न मानणाऱ्या पुरुषांच्या घरी ती फार घडते. 'माझा विश्वास नाही' म्हणून तो बाहेर ओटीवर पेपर वाचत बसतो आणि आत त्याची बायको चाळीस माणसांचं जेवण रांधते. सणातून तो सुटतो, ती दुप्पट अडकते. तुमची नास्तिकता तुमच्या बायकोच्या कमरेवर पडत असेल, तर संकल्पातल्या एका शब्दाबद्दलची सगळी तळमळ फुकट आहे. म्हणून मोदक तुम्ही करा.

ते अवघड नाहीत. एकवीस मोदकांना दोन वाट्या तांदळाची पिठी आणि दोन वाट्या पाणी. तांदूळ नवा असेल तर पाणी किंचित कमी. पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालून उकळी आणा, पिठी एकदम घाला, ढवळा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा काढा. सारणाला तीन वाट्या ओलं खोबरं, दीड वाटी गूळ, वेलची, जायफळ. गूळ विरघळून मिश्रण ओलसर गोळा होऊ लागलं की लगेच उतरवा. जास्त परतलं तर गार झाल्यावर खडा होतं, आणि कमी परतलं तर पाणी सुटून मोदक खालून फुटतो. उकड गरम असतानाच हाताला तेल-पाणी लावून मऊ मळा. नवख्याचे मोदक चिरतात ते इथे: उकड गार होऊ दिली जाते किंवा मळणं अर्धवट राहतं. पारी कडेला पातळ, मधे किंचित जाड ठेवा, म्हणजे कळ्या नीट पडतात. उरलेली उकड ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. मोदकपात्रात ठेवण्यापूर्वी प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून काढा आणि दहा-बारा मिनिटं वाफवा. चतुर्थीआधी पुण्यात दोनदा करून पाहा, मुलीला सोबत घ्या.

माटवीचंही काम घ्या. ते जोखमीचं आहे आणि वडील गेल्यावर ते कुणाचं हे ठरलेलं नसणार. चौकटीवर असोली (न सोललेले) नारळ, बेड्यांची शिपटी (सुपारीचे घड), तवसं (काकडी), आंब्याचे टाळे बांधत गेलं की वजन बघता बघता पंधरा-वीस किलोंवर जातं आणि ते सगळं मूर्तीच्या डोक्यावर लटकत असतं. दोरी थेट वाशाला बांधा, खिळ्याला किंवा पंख्याच्या हुकाला नको. काथ्याची नवी दोरी भार पडल्यावर ताणते, तेव्हा आदल्या दिवशी चौकट भरून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी गाठी पुन्हा आवळा. कवंडाळ, कांगलं, हरणं, शेरवडं ही रानातली फळंफुलं कुठे मिळतात हे काकांना विचारा आणि त्यांच्यासोबत रानात जा. अख्खी वेल ओढू नका, लागतील तेवढीच काढा. कवंडाळ लाल आणि देखणं दिसतं, पण खाण्याचं नाही. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. काकांशी जे बोलायचं आहे ते याच वाटेवर बोलता येईल. दोघांचेही हात कामात असले की शब्दांना धार येत नाही.

मुलीला काय सांगायचं? तिने विचारलेला प्रश्न चांगला आहे, तेव्हा तो टाळू नका. "आजीला वाटतं देव आहे. मला वाटत नाही. मी हे आजीला सांगितलं आहे. पूजा आजीची आहे आणि मी तिला मदत करतो आहे." यातलं तिसरं वाक्य खरं असल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही. 'आजीला सांगू नकोस हं' असं मुलीला कधीही म्हणू नका. तसं म्हटलंत की खोट्याचं ओझं तिच्या पाठीवर गेलं. तिला स्वतःला हात जोडावेसे वाटले तर जोडू द्या. तिचं ती ठरवील.

महाराष्ट्रात देव न मानणारेही या सणाकडे पाठ फिरवून बसलेले नाहीत, हेही लक्षात असू द्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते विसर्जनाच्या दिवशी नदीकाठी उभे राहून लोकांना हात जोडून मूर्तिदानाची विनंती करत आले. ते घरी थांबू शकले असते. तुमच्याकडे मूर्ती शाडूची असेल तर प्रश्न नाही, प्लास्टरची येत असेल तर ते बदलणं हे तुमचं काम. शाडूची मूर्ती त्याच आकाराच्या प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा जड आणि ठिसूळ असते, हे घरच्यांना आधी सांगा. ओल्या वाटेवरून आणताना ती पाटासकट दोघांनी धरावी. शहरात बादलीत विसर्जन करणाऱ्यांनी मूर्ती पूर्ण बुडेल एवढी खोल बादली घ्यावी, निर्माल्य आणि दागिने आधी काढावेत, आणि मूर्ती हाताने चोळून मोडू नये. पाण्यात शांतपणे राहू दिली की ती आपली आपण विरते, आणि ती माती पुन्हा वापरता येते.

बंद करण्याचा पर्यायही तुम्ही लिहिला आहे. आई आहे आणि तिला हवंय तोवर तो तुमच्या एकट्याच्या हातातला नाही. पाच दिवसांची रजा कुणालाच जमत नसेल तर दीड दिवसावर आणता येतो. बऱ्याच घरांत तसं झालं आहे आणि ते विसर्जनाच्या वेळी गाऱ्हाण्यातच सांगितलं जातं, म्हणजे सगळ्यांच्या कानांवर जातं. पण हे ठरवताना भावाला विचारा. तो वर्षातून जे पाच दिवस घरी असतो ते हेच.

आता वेळेचं. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, तेव्हा तो दिवस कॅलेंडरवर आजच मांडून ठेवा आणि भाऊ कोणत्या तारखेला उतरतो ते त्याआधी विचारा. आईकडे जाणं त्यापूर्वीच उरकायला हवं. आणि नागपंचमीच्या सुमाराला, घरचा पाट घासूनपुसून गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पोचवायचा असेल. इतकी वर्षं तो वडील नेत असतील. तो यंदा तुम्ही न्या, आणि आईला सोबत घेऊन जा. मूर्ती केवढी आणि कशी हवी, हे मूर्तिकाराला तिला सांगू द्या.